सोळा तुकडे

एप्रिलमध्ये पुणं भाजून निघत असताना हातावर स्वेटर टाकून कामाला जाणारा माणूस खराडीत एकच होता. त्याचं नाव प्रज्ञेश ओव्हाळ. कंपनीच्या फाटकाबाहेरच्या चहावाल्याने त्याचं नाव स्वेटरकाका ठेवलं होतं. प्रज्ञेशने कधी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायलाही जोर लागतो.

तो काम करायचा त्या खोलीत बारा महिने हिवाळा असे. कंपनी वेबसाइटवाल्यांना जागा भाड्याने द्यायची. कुणाचे लग्नाचे फोटो, कुणाचं दुकान, कुणाची व्याख्यानं. सगळं त्या खोलीतल्या लोखंडी कपाटांत, सर्व्हरांवर. सर्व्हर म्हणजे कधी न झोपणारा संगणक. त्या सर्व्हरांच्या डिस्क प्रज्ञेशच्या ताब्यात होत्या. बाकीचे लोक पडद्यावरचे आलेख बघत. प्रज्ञेशही बघे, पण आधी कपाटाला तळहात लावी. निवांत डिस्क नुसती गुणगुणते. त्रासलेली कडकडते. अलीकडे खालच्या कपाटातल्या डिस्क फार कडकडत होत्या.

चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. खडकीजवळ बोपोडीत दोन खोल्या, आणि घरी बाबा. बाबा म्हणजे सीताराम ओव्हाळ, खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या स्टोअरमधून रिटायर झालेले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बहीण अकोल्याला दिली होती. प्रज्ञेशचं लग्न आज बघू, उद्या बघू करता करता राहून गेलं. बाबांचे गुडघे पार गेले होते. ते खिडकीशी खुर्चीत बसत आणि एकेक गोष्ट मागत. पाणी दे. पाणी दिलं की चष्मा. चष्मा दिला की पेपर. पेपर दिला की, अरे, पंखा जरा कमी कर. प्रज्ञेश उठे, देई, बसे, पुन्हा उठे. दिवसभर तो घरी नसताना शेजारच्या सुशीलाबाई डोकावून जात.

त्या वर्षी सगळं अडलं ते कोथरूडच्या एका क्लासवरून. स्पर्धा परीक्षांचा क्लास. चालवणाऱ्या बाई कल्याणी जोगळेकर. त्या आपली व्याख्यानं कॅमेऱ्यावर घेत आणि वेबसाइटवर ठेवत. परभणी, बुलढाणा, कुठकुठची मुलं पैसे भरून ती उतरवून घेत. एरवी हे बिनबोभाट चाले. पण पूर्वपरीक्षा जवळ आली आणि मुलं वर्षभराची सगळी व्याख्यानं एकदम मागायला लागली. दिवसाही रखडे, पण संध्याकाळी सहा वाजले की डाउनलोड मुंगीच्या पावलाने चाले. रात्री जेवणं होईपर्यंत तसंच.

कल्याणीबाईंचा फोन येई तो थेट प्रज्ञेशला.

"अहो ओव्हाळ, एका मुलाने शिवकाळ लावलाय डाउनलोडला."

"हो मॅडम, बघतो."

"बघा. पेशवाई बुडाली तरी याचा शिवकाळ उतरतोच आहे."

कंपनीने आधी इंटरनेटची लाइन दुप्पट केली. प्रज्ञेशने सांगून पाहिलं की लाइनचा दोष नाही. लाइन म्हणजे रस्ता. रस्ता रुंद करून काय होणार, माल गोदामातूनच बाहेर येत नसेल तर? कुणी ऐकलं नाही. लाइन दुप्पट झाली. शिवकाळ तसाच उतरत राहिला.

दोष डिस्कचा होता. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये चकती फिरते. तिच्यावर एक बारीक हात असतो. ज्याला जे हवं ते वाचायला हात तिथवर सरकतो. एकाने एक फाइल सलग मागितली तर हात एका जागी राहून भराभर वाचत जातो. शंभर जणांनी शंभर ठिकाणचं मागितलं की त्याचा सगळा वेळ सरकण्यात जातो. वाचायचं राहूनच जातं. तेव्हा नव्या पद्धतीच्या डिस्क आल्या होत्या. त्यांना एसएसडी म्हणत. त्यांच्यात चकती नाही, हात नाही, सरकणंच नाही. प्रज्ञेशने दोन मागितल्या.

"प्रज्ञेश सर, आत्ताच लाइनवर खर्च झालाय," रुपाली म्हणाली. ती त्याची वरिष्ठ. वयाने बरीच लहान, वाईट अजिबात नाही. नुसती सारखी घाईत. "आणि एक स्पष्टच सांगते. कल्याणी मॅडमनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिलीय. त्यानंतर त्या दुसरीकडे जाणार. पुण्यातली ही खोली त्यांच्या कामावर चाललीय. त्या गेल्या की हेड ऑफिस खोली बंद करणार. सगळं हैदराबादला."

"आणि मी?"

"तुम्ही पण हैदराबादला. तुमची पोस्ट सेफ आहे सर. डोंट वरी."

प्रज्ञेशने मान हलवली. बाबा बोपोडी सोडणार नव्हते. बहिणीने अकोल्याला न्यायचं म्हटलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, मला इथून चौघांनी उचललं तरच हलेन. आणि नोकरी सोडली तर या वयात, या विषयात, दुसरी कुठे मिळणार? चकत्या फिरवणाऱ्या माणसाची गरज दर वर्षी कमीच होत होती.

घरी त्याने काही सांगितलं नाही. गॅलरीत उभा राहून तो रुपालीशी फोनवर बोलला आणि आत आला. बाबा पेपर वाचत होते. पेपर तसाच ठेवून म्हणाले, "हैदराबादला उन्हाळा इथल्यापेक्षा जास्त का रे?"

"असेल. का?"

"काही नाही. पेपरात तपमान दिलंय." मग थोड्या वेळाने, "पाणी दे."

एक गोष्ट प्रज्ञेशला कळत नव्हती. क्लासची मुलं फार नव्हती. पण डिस्कचा हात जत्रा लोटल्यासारखा धावत होता. सर्व्हरच्या नोंदीत एकेका ठिकाणाहून ढीगभर मागण्या दिसत. त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं की ती होस्टेलं असणार. एका लाइनवर पन्नास पोरं. पण इतकी होस्टेलं? बुधवारी सकाळी तो खराडीला न जाता स्कूटर घेऊन कोथरूडला गेला. इतक्या वर्षांत आपण पाठवलेलं जिथे पोचतं ती जागा त्याने कधी पाहिली नव्हती.

क्लास पौड रोडच्या आतल्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर होता. गिरणी सुरू झाली की जमीन थरथरे. कल्याणीबाई वर्गात होत्या. ऑफिसात संभाजी नावाचा कारकून होता. त्याने प्रज्ञेशकडे आणि स्वेटरकडे आळीपाळीने बघितलं.

"आजारी आहात का?"

"नाही. सवय. मला एखादं डाउनलोड बघायचंय. मुलं करतात तसं."

संभाजीने वाचनाच्या खोलीतून एका मुलीला हाक मारली. मैत्री तिचं नाव, वाशिमकडची. तिने तिथल्याच संगणकावर क्लासच्या साइटवर जाऊन एक व्याख्यान लावलं. पडद्यावर एक छोटी खिडकी उघडली. तिच्यात एक लांब पट्टी. पट्टीचे तुकडे पडले आणि प्रत्येक तुकडा आपापल्या जागेवरून सुरवंटासारखा पुढे सरकायला लागला.

प्रज्ञेश खुर्ची ओढून जवळ बसला.

"हे काय?"

"डाउनलोड मॅनेजर," मैत्री म्हणाली. "फाइलचे सोळा तुकडे करतो. सोळा ठिकाणांहून एकदम ओढतो. स्पीड मिळतो ना."

"सगळेच वापरतात?"

"कम्पल्सरी आहे," संभाजी म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. "ॲडमिशन झाली की मी स्वतः प्रत्येकाला पेन ड्राइव्हवर देतो. सेटिंग करूनच. सोळा."

"सोळाच का?"

"ते आपल्याला काय माहीत? तुमच्याच कंपनीचे एक साहेब होते. पूर्वी मुलांच्या तक्रारी आल्या तेव्हा मी फोन केला होता. ते म्हणाले, हे सॉफ्टवेअर घ्या, सोळा ठेवा, बघा कसं पळतं. आणि पळालं! तेव्हापासून मोडलं नाही आपण." संभाजी थांबला. त्याने प्रज्ञेशकडे नीट बघितलं. "आवाज तुमच्यासारखाच होता हो."

खाली गिरणी सुरू झाली. टेबलावरचा पाण्याचा ग्लास किणकिणला.

प्रज्ञेशला तो फोन आठवला नाही. पण सल्ला त्याचाच होता. त्या काळात तो सगळ्यांना हेच सांगे. बोपोडीतल्या निम्म्या घरांत त्यानेच हे सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. तेव्हा लाइन दोऱ्याएवढी होती आणि डिस्क रिकाम्या बसून असत. सोळा तुकडे केले की दोऱ्याएवढ्या लाइनमधला जास्त वाटा आपल्याकडे येई. सल्ला बरोबर होता. मग लाइन रुंद झाली, मुलं वाढली, डिस्क म्हातारी झाली. सल्ला तेवढा तरुण राहिला. आता एकेक मूल सोळा मुलांएवढं मागत होतं, आणि तो बारीक हात एकाच फाइलच्या सोळा टोकांना धावत होता.

"मैत्री, एक करून बघतेस? सोळाच्या जागी एक टाक."

तिने टाकलं. पट्टी सलग झाली. स्पीड वाढण्याऐवजी पडला. आधीच्यापेक्षा खूप खाली.

"बघा," संभाजी म्हणाला.

मैत्री पट्टीकडे बघत राहिली. "बाकीचे सगळे सोळा-सोळा ओढतायत म्हणून ना? मी एकटी साधी वागले तर मलाच कमी मिळणार."

"हो."

"मग मी का वागू?"

तिने पुन्हा सोळा केले. प्रज्ञेशने अडवलं नाही.

कल्याणीबाई वर्ग संपवून आल्या. साठीच्या, खादीची साडी, हाताला खडूची भुकटी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्या खडू झटकत होत्या.

"म्हणजे तुमचं म्हणणं, कमी मागितलं की जास्त मिळतं."

"सगळ्यांनी कमी मागितलं तर. एकदम सगळ्यांनी."

"हा गीतेचा अध्याय झाला, ओव्हाळ. मला डाउनलोड पाहिजे."

"मुलांना सांगायची गरज नाही मॅडम. प्रत्येकाचं तुमच्या साइटवर लॉगिन आहे. मी सर्व्हरवर बंधन घालतो. एका लॉगिनला एका वेळी एकच तुकडा. होस्टेलवर पन्नास मुलं असली तरी प्रत्येकाला आपला एक मिळेल. फक्त तुमची परवानगी हवी."

"परवानगीचं काय एवढं?"

"पहिल्यांदा त्यांना वाटेल आपलं काहीतरी काढून घेतलं. ते तुम्हाला फोन करतील."

"माझ्या मुलांना मी ओळखते. रांगेत उभं करा म्हटलं की निम्मी मागच्या दाराने आत येतात." त्या खुर्चीत बसल्या. "तुमच्या कंपनीने आधी सोळा सांगितले. आता एक सांगता. पुढच्या वर्षी शून्य म्हणाल, म्हणजे प्रश्नच मिटला. मी तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

प्रज्ञेश दमला होता. सकाळचे अकराच वाजले होते, तरी दमला होता. कंपनीकडून बोलायचं तर, तो सल्ला कुणाचा ते तपासून कळवतो, असं म्हणता आलं असतं. संभाजीही तेच ऐकायची वाट बघत असावा.

"सोळा सांगणारा मीच," तो म्हणाला. "तेव्हा ते बरोबर होतं. पुढे ते चुकीचं झालं आणि मी बघितलं नाही. नोंदीत दिसत होतं. मला वाटलं होस्टेलं असतील."

कल्याणीबाईंनी संभाजीकडे बघितलं. संभाजी छताकडे बघत होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "आज संध्याकाळीच करा. पण ऑफिसचा फोन मी तुमच्या मोबाइलवर वळवणार. आरडाओरडा तुम्ही ऐकायचा. माझा सहा ते आठ वर्ग असतो."

संध्याकाळी सहाला प्रज्ञेश थंड खोलीत स्वेटर घालून बसला. खालच्या कपाटाची कडकड नेहमीसारखी सुरू झाली होती. त्याने बंधन लागू केलं. फोन लगेच वाजला.

"सर, माझे पंधरा तुकडे कुठे गेले?"

"कुठे गेले नाहीत. थोडं थांब."

"पण एकच पट्टी चाललीय!"

"सगळ्यांची एकच चाललीय."

"सगळ्यांची? नक्की? माझ्या रूममेटची पण?"

"त्याची पण."

"मग ठीक आहे," पोरगा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. स्पीड किती ते सांगायलाही तो विसरला.

फोन येत राहिले. कुणी चिडलेलं, कुणी रडकुंडीला आलेलं. एकाने विचारलं, क्लासने जास्त फी भरणाऱ्यांना सोळा ठेवलेत का? प्रज्ञेश सगळ्यांना तेच सांगत होता. थोडं थांबा. डावा हात त्याने कपाटाला लावून ठेवला होता. आधी काहीच फरक नव्हता. मग कडकड विरळ झाली. मधूनच थांबायची, पुन्हा यायची. हात एका जागी टेकून वाचायला लागला होता. पडद्यावरचे आकडेही वर चढले, पण तळहाताला ते आधी कळलं.

मग फोन कमी झाले. शेवटी बंदच झाले. त्याने मोबाइल चालू आहे ना ते दोनदा तपासलं. चांगलं चाललंय हे सांगायला कोणी फोन करत नाही.

गुरुवारी तसंच. शुक्रवारी दुपारी रुपालीने त्याला केबिनमध्ये बोलावलं. ती उभ्याउभ्याच बोलली.

"कल्याणी मॅडमचा मेल आलाय. त्या राहतायत. काय लिहिलंय बघा, 'शिवकाळ आता चहा होईपर्यंत उतरतो.' सुपर्ब, सर."

"म्हणजे हैदराबाद..."

"तूर्तास नाही."

तूर्तास. प्रज्ञेशने तो शब्द डोक्यात ठेवून दिला.

"मॅडम, त्या दोन एसएसडी. डिस्क म्हाताऱ्या झाल्यात. आता शांत आहेत, पण एकेक करून जातील."

"सर, सेटिंगने प्रॉब्लेम सुटला ना? मग आता मी हेड ऑफिसला काय सांगून मागू?" तिला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "गेली एखादी की बघू."

गंमतच होती. त्याने नीट केलं म्हणून नव्या डिस्क मिळाल्या नाहीत. नीट केलं नसतं तर हैदराबाद मिळालं असतं. तो थंड खोलीत परत गेला. कपाटाला हात लावला. गुणगुणत होतं.

घरी पोचला तेव्हा अजून उजेड होता. बोपोडीत जयंतीची तयारी चालली होती. निळ्या पताका गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लागल्या होत्या. मंडळाच्या रंगरावने जिन्यातच गाठलं. "जय भीम, दादा. गाणी उतरवायचीत भाषणाआधी लावायला. लई स्लो चाललंय."

"जय भीम. तुकडे किती ठेवलेत?"

"सोळा. तुम्हीच तर टाकून दिलंय."

"उद्या येतो," प्रज्ञेश म्हणाला.

बाबा खिडकीशी होते. सुशीलाबाई भाकरी आणि भाजी झाकून ठेवून गेल्या होत्या. प्रज्ञेशने स्वेटर खुंटीला लावला आणि जमिनीवरच बसला. पाठ भिंतीला टेकली.

"हैदराबादचं काय झालं?" बाबांनी विचारलं.

प्रज्ञेशने वर बघितलं. बाबा बाहेर पताकांकडे बघत होते.

"नाही जायचं."

"कायमचं?"

"तूर्तास."

"तूर्तास पुष्कळ झालं. मी पण तूर्तासच आहे." बाबांनी गुडघा चोळला. "काय बिघडलं होतं तिकडे?"

हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. प्रज्ञेशने सोप्या शब्दांत सांगितलं. एक चकती असते. तिच्यावर एकच हात. मागणारे पुष्कळ. आणि प्रत्येकजण एक वस्तू एकदम न मागता सोळा तुकड्यांत मागतो. मग तो हात इथून तिथे, तिथून इथे.

बाबा ऐकत होते. त्यांच्या स्टोअरमध्ये छतापर्यंत रॅक होते आणि शिडी होती. शिडीवर चढणारा माणूस एकच होता. खिडकीवर येणारा प्रत्येक जण म्हणे, सीताराम, एक वॉशर दे. वॉशर घेऊन तो खाली उतरला की, अरे, नटही दे. हे त्यांनी प्रज्ञेशला शंभरदा सांगितलं होतं. आता सांगितलं नाही. फक्त गुडघ्यावरचा हात काढला.

"मग त्या हाताचं काय केलंस?"

"मागणाऱ्यांना आवरलं."

"आणि हात?"

"तोच आहे. नवीन देत नाहीत."

बाबांनी मान डोलावली. खाली कुणीतरी माइक तपासत होतं. हॅलो, हॅलो, चेक.

"हे बघ," बाबा एकदम म्हणाले. "पाणी. चष्मा. रात्रीची गोळी. माझं ताट, तुझं ताट. खिडकी ओढून घे, डास येतात. आणि हे सगळं एकाच फेरीत आण. मग बस इथे. मी उठवणार नाही."

प्रज्ञेश हसला. बऱ्याच दिवसांनी. भिंतीचा आधार घेऊन तो उठला. पाणी भरलं. चष्मा टीव्हीवर होता, गोळी कपाटात. खिडकी ओढली. दोन्ही ताटं वाढली. सगळं दोन हातांत मावेना, तेव्हा पाण्याचा तांब्या त्याने काखेत धरला. एका फेरीत आणलं. बाबांसमोर ठेवलं आणि खुर्चीच्या पायाशी टेकून बसला. पाय लांब केले.

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला. चावायचे थांबले. घास तसाच गालात ठेवून त्यांनी प्रज्ञेशकडे बघितलं. मग पुन्हा चावायला लागले.

प्रज्ञेशने स्वतःचा घास घेतला.

भाजीत मीठच नव्हतं.

बाबा खिडकीबाहेर बघत मुकाट्याने जेवत होते. प्रज्ञेश उठला.